रक्ताचा निवाडा : ‘हिमॅटोक्रिट’ ह्या संज्ञेचा इतिहास व ‘रक्त कमी’ असण्याचा अर्थ

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा व देवरी ह्या तालुक्यांत बोलीची सामग्री गोळा करीत असताना एक वाक्प्रयोग वारंवार कानी पडला. ‘तिचं रक्त आठ आहे’, ‘माझं नऊ पॉइंट निघालं’, असे तेथील स्त्रिया सहज बोलतात. रक्त ही वस्तू येथे संख्येने सांगितली जाते. एकक मात्र कोणी उच्चारीत नाही. शेर, पायली किंवा लिटर ह्यांपैकी कोणते माप मनात आहे, हे विचारले तर उत्तर मिळत नाही, आणि ते मिळावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. कारण ही संख्या घरात मोजलेली नाही, ती छापील कागदावरून घरात आलेली आहे.

असाच एक कागद वाचून दाखविण्याचा प्रसंग माझ्यावर आला. कागद एका घरातील सुनेच्या रक्ततपासणीचा होता. त्यात एका ओळीत हिमोग्लोबिन ८ ग्रॅम टक्के आणि दुसऱ्या ओळीत हिमॅटोक्रिट २४ टक्के असे आकडे होते. ते ऐकून सासूबाईंनी विचारले, “गुरुजी, शंभरातलं चोवीसच रक्त रायलं का जी पोरीच्या अंगात?” प्रश्न अज्ञानाचा वाटेल, परंतु भाषेच्या दृष्टीने पाहिल्यास तो अगदी बिनचूक होता. ‘टक्के’ ह्या शब्दाचा मराठीत जो अर्थ आहे, तोच त्यांनी घेतला होता. चूक असलीच तर त्या शब्दाने मराठीत जो प्रवास केला त्यात आहे, आणि तो प्रवास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार लेखकाला नाही. येथे विचार करावयाचा आहे तो एका संज्ञेचा आणि तिच्यामागील कल्पनेचा.

प्रथम त्या दोन टक्क्यांविषयी. हिमोग्लोबिन, ज्याला आपल्या ग्रंथांतून ‘रक्तारुण’ असेही म्हटलेले आढळते, हे १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम आहे, हे पहिली ओळ सांगते. ग्रॅम व मिलिलिटर ही भिन्न जातीची मापे असल्यामुळे हा वास्तविक शेकडा नव्हेच. जुन्या प्रयोगशाळांनी रूढ केलेली ती एक लेखनाची सोय आहे. दुसरी ओळ मात्र खरोखरीचा शेकडा आहे. रक्त गोठू नये असे द्रव्य त्यात मिसळून ते बारीक नळीत घ्यावयाचे व नळी यंत्रावर वेगाने फिरवावयाची. तांबड्या पेशी तळाशी दाबून बसतात, त्यांच्यावर पांढरट असा पातळ थर येतो, आणि वर पिवळसर रक्तद्रव निवळून राहतो. एकंदर स्तंभाच्या उंचीपैकी तांबड्या भागाची उंची शेकडा किती, तोच हिमॅटोक्रिट. निरोगी पुरुषांत तो साधारणतः ४० ते ५० आणि स्त्रियांत ३६ ते ४६ असतो. म्हणजे येथे ‘पूर्ण’ हा शंभर नसून चाळिसाच्या आसपास आहे. आणि शरीरात एकंदर रक्त किती, जे प्रौढ मनुष्यात सुमारे पाच लिटर असते, ते ह्या दोहोंपैकी एकही ओळ सांगत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नामागील कल्पना मात्र फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगावर आहे. तेथे रोग्याचे वर्णन करताना ‘अल्परक्त’ असे विशेषण योजलेले आहे. रक्त हा एक धातू, आणि तो राशीने कमी होतो, अशी ही मांडणी आहे. आपला ‘अंगात रक्त नाही’ हा प्रयोग ह्याच मांडणीचा वारस म्हणावयास हरकत नाही. त्याच अध्यायात पांडुरोगाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांतील पाचवा माती खाल्ल्याने होणारा आहे, आणि उपचारांत लोह व मंडूर ह्यांची योजना आहे. माती खाण्याची ओढ आणि लोहाची उणीव ह्यांचा संबंध आजचे वैद्यकही मानते. शिवाय पांडूच्या पाठोपाठ कामला, म्हणजे कावीळ, त्याच अध्यायात येते. एवढ्यावरून चरकाला तांबड्या पेशींचा नाश ठाऊक होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. निरीक्षण अचूक असणे निराळे आणि कारणमीमांसा आधुनिक असणे निराळे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ‘रक्त कमी’ ही राशीची भाषा आपल्याकडे किमान दोन सहस्र वर्षे रुळलेली आहे. हिमॅटोक्रिट ही गुणोत्तराची भाषा आहे आणि तिचे वय सव्वाशे वर्षांहून थोडे अधिक आहे.

ह्या संज्ञेचा जन्म स्वीडनमधील लुंड येथे झाला. त्यापूर्वी, १८५२ मध्ये, कार्ल फिरोर्ट ह्याने सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजण्याची रीत घालून दिली होती. पण ती अतिशय वेळखाऊ होती. पेशी एकेक करून मोजण्याऐवजी त्या सर्व एकत्र दाबून त्यांची जागाच मोजावी, ही कल्पना लुंड येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ माग्नुस ब्लिक्स ह्याची. त्याचा सहकारी स्वेन गुस्ताफ हेडीन ह्याने ते उपकरण सिद्ध केले आणि १८९१ च्या सुमारास त्यावर निबंध लिहून त्यास ‘हेमाटोक्रिट’ हे नाव प्रचारात आणले. (मध्य आशियाच्या प्रवासामुळे प्रसिद्धी पावलेला स्वेन हेडीन तो हा नव्हे. नामसाम्यामुळे घोटाळा होण्याचा संभव असल्याने हा खुलासा.) ग्रीकमध्ये ‘हायमा’ म्हणजे रक्त आणि ‘क्रितेस’ म्हणजे न्यायाधीश. ‘क्रितेस’ ज्या धातूपासून आला त्या ‘क्रिनेइन’चा मूळ अर्थ मात्र वेगळे करणे, चाळणे असा आहे. चाळणीचा लॅटिन शब्द ‘क्रिब्रुम’ त्याच कुळातील आहे, आणि ‘क्रिटिक’ व ‘क्रायसिस’ हे आपल्या परिचयाचे इंग्रजी शब्दही त्याच कुळातील.

मराठी भाषकाला ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपण तांदूळ निवडतो, आणि तंट्याचा निवाडा करतो. मराठेशाहीतील निवाडपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाने हा शब्द शेकडो वेळा वाचलेला असतो. पण सुपातील खडे वेगळे काढणारा हात आणि गोतसभेचा निर्णय ह्यांना आपल्या भाषेने एकाच शब्दाच्या दोन बाजूंस बसविले आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. आधी वेगळे करावयाचे, मग ठरवावयाचे; ग्रीक आणि मराठी ह्या दोन्ही भाषांत अर्थाची वाट हीच आहे. ही उसनवारी नव्हे, दोन समाजांच्या सारख्या अनुभवातून झालेला सारखा अर्थविस्तार आहे. लुंडच्या त्या उपकरणात रक्त प्रथम निवडले जाते व नंतर त्याचा निवाडा होतो. ह्या दृष्टीने हेडीनने दिलेले नाव फार समर्पक होते.

परंतु ते नाव होते उपकरणाचे. आज ‘हिमॅटोक्रिट २४’ असे आपण म्हणतो तेव्हा उपकरणाचे नाव मापाला मिळालेले असते. ‘पायली’ हे जसे मूळचे भांडे आणि मग त्यात मावणारे धान्य, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की पायली घरात दिसते, तिच्या नावातील अर्थ डोळ्यांसमोर असतो. हिमॅटोक्रिटची नळी रोगी कधी पाहत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो केवळ आकडा, आणि आकडा आला की राशीची जुनी कल्पना त्याला येऊन चिकटते.

राशी आणि गुणोत्तर ह्यांतील भेद हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. गरोदरपणी स्त्रीच्या शरीरात रक्त वाढते. रक्तद्रव सुमारे ४० ते ५० टक्के वाढतो, तांबड्या पेशीही वाढतात, परंतु त्यांची वाढ तेवढी नसते. परिणामी रक्ताची राशी वाढलेली असूनही हिमॅटोक्रिट उतरतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने इतर स्त्रियांसाठी पांडुरोगाची सीमा ३६ ठेवली, आणि गर्भवतीसाठी ३३. ह्या उताराला ‘रक्त कमी झाले’ असे म्हणणे शब्दशः असत्य आहे. दुसरे उदाहरण नेमके उलट. डेंग्यूच्या गंभीर अवस्थेत रक्तद्रव वाहिन्यांतून बाहेर पाझरू लागतो. पेशी आतच राहतात. अशा वेळी हिमॅटोक्रिट चढतो, आणि तो मूळच्या मानाने २० टक्क्यांनी चढला तर वैद्य त्यास धोक्याची खूण समजतात. आकडा वाढला म्हणून ‘रक्त वाढले’ असे समाधान मानणाऱ्या घराला येथे किती महाग पडेल, हे सांगावयास नको.

मराठीत ह्या गुणोत्तराला आपण ‘प्रमाण’ म्हणतो. शब्द चांगला आहे, पण त्याच्या पाठीवर मोठे ओझे आहे. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. जुन्या व्यवहारात प्रमाण म्हणजे माप. ‘प्रमाण मानणे’ म्हणजे निर्विवाद स्वीकारणे. ‘रक्ताचे प्रमाण कमी आहे’ ह्या वाक्यात बोलणाऱ्याच्या मनात गुणोत्तर असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात माप. आरोग्यविषयक पत्रकांतून हे वाक्य सर्रास आढळते. ‘रक्तातील पेशींचे प्रमाण’ एवढे म्हटले असते तरी पुष्कळसा घोटाळा टळला असता.

मग सासूबाईंना काय सांगावयाचे? पारिभाषिक शब्द तेथे कामाचा नव्हता. परंतु तो सगळा मुलूख धानाचा आहे. गोंदिया गाव तांदळाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. एक क्विंटल धान भरडले असता १०० किलो तांदूळ निघत नाही, हे तेथील लहान मूलही जाणते. सरकारी भरडाईच्या हिशेबात कच्च्या तांदळासाठी हा आकडा ६७ धरलेला आहे, आणि उरलेल्या ३३ किलोंची चोरी झाली असे कोणी म्हणत नाही; कोंडा आणि तूस त्यातच आले. ह्या गुणोत्तराला आपल्या भाषेत रोकडा शब्द आहे, तो म्हणजे ‘उतारा’. ऊसवाले साखरेचा उतारा म्हणतात, तोच हा. मी म्हटले, “आजी, हा रक्ताचा उतारा आहे. शंभर भाग रक्तात लाल दाणे किती बसले, एवढंच हा कागद सांगतो.” त्यावर त्यांनी विचारले, “मग पुरा उतारा किती असते?” चाळिसाच्या आसपास, असे सांगताच हिशेब त्यांचा त्यांनी केला. शंभरातील चोवीस आणि चाळिसातील चोवीस ह्यांतील अंतर त्यांना माझ्यापेक्षा लवकर उमगले असावे. (‘उतारा’ हा शब्द परिभाषाकोशात घ्यावा, असे मात्र मी सुचविणार नाही. विषावरचा उतारा, ग्रंथातील उतारा आणि दृष्ट काढून टाकण्याचा उतारा हे सगळे त्याच शब्दात नांदतात, आणि आजारपणाच्या संदर्भात तर पहिला व शेवटचा अर्थ विशेषच जवळ येतात.)

त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो अधिक खोल होता : “पण कमी कायनं झाला?”

ह्या प्रश्नाचे उत्तर हिमॅटोक्रिट एकटा देऊ शकत नाही. आणि वैद्यकाच्या इतिहासात हे ओळखण्यास हेडीननंतर जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. १९२९ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे मॅक्सवेल विन्ट्रोब ह्या तरुण वैद्याने १०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेली एक साधी नळी प्रचारात आणली. नळी साधी होती, परंतु तिच्यातून मिळणाऱ्या आकड्याचा त्याने केलेला उपयोग साधा नव्हता. पेशींनी व्यापलेली जागा पेशींच्या संख्येने भागली, तर एका पेशीचे सरासरी आकारमान मिळते, हे त्याने नित्याच्या वापरात आणले. हिशेब करून पाहा. घनमिलिमीटरमागे ४० लाख पेशी आणि प्रत्येकीचे आकारमान ६० फेम्टोलिटर, तर हिमॅटोक्रिट २४. पेशी २० लाख आणि आकारमान १२०, तरीही २४. पहिले चित्र सामान्यतः लोहाच्या उणिवेत दिसते : पेशी पुष्कळ, पण खुरटलेल्या. दुसऱ्यात पेशी थोड्या, पण फुगलेल्या. निवाडा एकच, गुन्हे मात्र दोन.

ह्या दुसऱ्या चित्राचा इतिहास महाराष्ट्रात घडलेला आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. विन्ट्रोब न्यू ऑर्लिन्समध्ये आपली नळी सिद्ध करीत होता त्याच सुमारास, १९२८ मध्ये, लूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईस आली. गिरणी कामगारांच्या वस्तीतील गरोदर स्त्रियांना ग्रासणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा तिने परळच्या हाफकिन संस्थेत अभ्यास केला. ह्या स्त्रियांच्या पेशी लहान नव्हत्या, मोठ्या होत्या. त्यांच्या आहाराची तिने बारकाईने तपासणी केली, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य काही काळ ‘विल्स घटक’ ह्या नावाने ओळखले जाई. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून जे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ज्याला ‘फॉलिक’ आम्ल हे नाव मिळाले, त्याच्याशी ह्या घटकाचा मेळ पुढे बसला. आज आपल्या उपकेंद्रांतून गर्भवतींना लोहाबरोबर फॉलिक आम्लाची जी गोळी मिळते, तिच्या अर्ध्या भागाचा उगम परळमधील त्या कामात आहे.

परंतु गोंदियाच्या संदर्भात तिसरी शक्यता उरतेच, आणि ती सर्वांत महत्त्वाची. शिकागो येथील जेम्स हेरिक ह्याने १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात ह्या पेशी १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत, आणि त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत आढळल्या. विदर्भाची पाळी १९५८ मध्ये आली. नागपूर येथील शुक्ला व सोळंकी ह्यांनी त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. शीर्षकात त्यांनी प्रदेशाचे नाव ‘मध्य भारत’ असे दिले होते, यद्यपि नागपूर आणि भंडारा हे जिल्हे १९५६ मध्येच मुंबई राज्यात आलेले होते. (आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला.) हा विकार केवळ आदिवासींचा असे समजण्याची चाल पुष्कळ काळ होती. पूर्व विदर्भात तो आदिवासींबरोबर इतरही अनेक समाजांत आढळतो. आपल्या काही ग्रंथांतून त्यासाठी ‘दात्रकोशिका’ असा संस्कृत शब्द योजलेला दिसतो. लोकांच्या तोंडी मात्र ‘सिकलसेल’ हाच शब्द आहे, आणि तोच राहील. विळ्याने धान कापणाऱ्या मुलखात ‘दात्र’ कोणाला कळणार?

ह्या विकारात हिमॅटोक्रिटची नळी स्वतःच थोडी फसते. वाकड्या व ताठर पेशी एकमेकींवर नीट दाबून बसत नाहीत. त्यांच्या फटींत रक्तद्रव अडकून राहतो आणि तांबडा थर असावा त्याहून उंच दिसतो. हिमोग्लोबिनच्या आकड्याची तिप्पट म्हणजे हिमॅटोक्रिट, हा जो ढोबळ आडाखा प्रयोगशाळांत चालतो, तोही येथे नेहमी लागू पडत नाही. पण ह्याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. सिकलसेलच्या पुष्कळ रोग्यांत २४ च्या आसपासचा आकडा ही त्यांची नित्याची अवस्था असते. अशा रोग्याला बाहेरून रक्त देऊन आकडा चाळिसापर्यंत ‘भरून काढणे’ हितकारक नसते. तिशीच्या वर गेल्यास रक्त दाट होऊन वाहिन्या तुंबण्याचा धोका वाढतो, म्हणून वैद्य तेथे हात आखडतात. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साचते, तेव्हा उणीव सिद्ध झाल्यावाचून लोहाच्या गोळ्या देणेही योग्य नव्हे. ‘रक्त कमी आहे, तर रक्त द्या’ असा नातेवाइकांचा आग्रह रुग्णालयांतून नित्य ऐकू येतो. तो मायेपोटी असतो आणि राशीच्या भाषेत तो पूर्णपणे तर्कशुद्ध असतो. वैद्य नाही म्हणतो तेव्हा तो त्यांना निर्दय वाटतो. वस्तुतः दोघे दोन भाषा बोलत असतात.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट सांगितले गेले. ह्या तपासणीतून घराघरांत पुन्हा नवे आकडे व नवे शब्द जातील, आणि ‘वाहक’ व ‘रुग्ण’ ह्यांतील भेद कोणत्या मराठीत सांगावयाचा, हा प्रश्न आमच्यासारख्यांपुढेही येईल.

शेवटी त्या कागदाकडे परत यावयाचे तर, त्यावरील २४ हा आकडा कोणत्याही नळीत मोजलेला नव्हता. वॉलेस कुल्टर ह्याला १९५३ मध्ये ज्या पेशीगणक यंत्राचे एकस्व मिळाले, त्याच्या वंशातील यंत्रे आज जिल्ह्याच्या गावीही आहेत. ती प्रत्येक पेशी मोजतात, तिचे आकारमान ठरवितात आणि दोहोंच्या गुणाकाराने हिमॅटोक्रिट छापतात. विन्ट्रोबने भागाकार केला होता, यंत्र गुणाकार करते. न्यायाधीश गेला, त्याचे नाव तेवढे राहिले. ह्यामुळे एक गोष्ट मात्र सोपी झाली आहे. पेशींच्या आकारमानाची ओळ त्याच कागदावर, हिमॅटोक्रिटच्या खालीच छापलेली असते. सून, तिची सासू आणि मी अशा तिघांनी मिळून ती वाचली. सिकलसेलच्या तपासणीची ओळ त्या कागदावर नव्हती. ती पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी लिहून दिली.